माश्या मोजणारे आण्णा

एका माणसाची सही मी खोटी केली. ती त्याच्यासमोर उघडी पडली तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि गप्प राहिलो. नंतर वरून लेखी विचारणा झाली, तेव्हा मी असं उत्तर लिहिलं की ज्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी सगळा दोष त्याच्यावर गेला. या तीन गोष्टींपैकी तिसरी मला सर्वांत जास्त टोचते. पहिल्या दोन भीतीनं झाल्या असं निदान म्हणता येईल. तिसरी मी शांत डोक्यानं, मसुदा दोनदा सुधारून केली.

तो माणूस म्हणजे आण्णा. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक आण्णा असतो, त्यामुळे एवढ्यावरून ते कोण हे कुणाला कळायचं नाही, आणि कळू नये अशीच माझी इच्छा आहे. ते कृषी सहायक होते, मी त्यांचा वरिष्ठ. वयानं ते माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठे. मी कराडजवळचा, नदीकाठच्या उसाच्या घरातला. ते माणदेशातले, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेल्या घरातले. नोकरीनं आम्हा दोघांना जतच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीलगत नेऊन ठेवलं होतं. तिथं उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं, आणि तरी माणसं शेततळी खोदून, ठिबक ओढून डाळिंबाच्या बागा उभ्या करतात.

मी तिथं हजर झालो त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले. आण्णांनी पेढा हातात घेतला, गळ्यातल्या काळ्या गोफाला अडकवलेलं भिंग डोळ्याला लावलं आणि पेढा चारी बाजूंनी पाहिला.

"काय आहे हो त्यात?" मी जरा चिडूनच विचारलं.

"काय न्हाई सायब. सवय." म्हणाले आणि पेढा खाल्ला.

ते भिंग कधी गळ्यातून उतरलेलं मी पाहिलं नाही. एकदा एका शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नात हातावर अक्षता पडल्या, तर यांनी तिथंच भिंग लावलं आणि शेजारच्याला म्हणाले, "तांदळात किडा हाय गड्या. पोतं उन्हात टाका." मंगलाष्टकं चालू होती. नवऱ्या मुलाच्या मामानं असं काही पाहिलं की मीच खाली मान घातली. पण दुसऱ्या दिवशी त्याच मामाचा आण्णांना फोन आला, "पोतं उघडलं. तुमी म्हनला ते खरं हाय."

त्यांच्या मोटरसायकलला मागे एक घमेलं बांधलेलं असे. बागेच्या बांधावर गाडी लावायची, घमेल्यात पाणी घ्यायचं, त्यात मोरचूद कालवायचा आणि त्या निळ्या पाण्यात बूट बुडवून मगच बागेत शिरायचं. डाळिंबावरचा तेल्या रोग एका बागेतून दुसऱ्या बागेत माणसांच्या पायांनी जातो, यावर त्यांचा ठाम विश्वास होता, आणि तो बरोबरही होता. पण विश्वास बरोबर असणं वेगळं आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या मोठ्या साहेबांना बांधावर थांबवणं वेगळं.

"सायब, तेवढं पाय बुडवून या," आण्णा म्हणाले.

साहेबांच्या पायात नवे बूट होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आण्णांकडं पाहिलं. आण्णा घमेल्याकडं पाहत होते.

"अहो, ते घाईत आहेत," मी म्हणालो.

"मग हितनंच बघू द्या की. बाग दिसती हितनं चांगली."

शेवटी साहेबांनी बूट बुडवले. परतताना गाडीत ते मला म्हणाले, "हा माणूस वेडा आहे, पण असे दोन द्या मला." मला त्या दिवशी आण्णांचा अभिमान वाटला होता. हे मुद्दाम लिहितो, कारण मला आण्णांची किंमत माहीत नव्हती असं म्हणायची सोय मला नाही.

बागेतलं चांगलं फळ त्यांनी कधी खाल्लं नाही. कुणी आग्रह केला तर तडकलेलं मागून घ्यायचे. "परदेशी जानारं फळ माझ्या पोटात कशाला घालताय? मी काय परदेशी जात न्हाई." त्यांच्या खोलीत भिंतीवर शाळेतला एक जुना जगाचा नकाशा होता. त्यावर त्यांनी देशांवर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. हा देश फवारणीच्या औषधाच्या अंशाला भितो, हा मातीला भितो, हा माशीला. "सायब, परतेक देशाचा उंबरा येगळा. आपून दुसऱ्याच्या घरात जाताना त्यांच्या उंबऱ्यावर त्यांच्या रीतीनं पाय पुसायचं. त्यात कमीपना कसला?"

माशीला भिणारा जो देश होता, त्याच्यामुळं पुढचं सगळं घडलं.

त्या देशात आपलं डाळिंब जावं म्हणून सरकारचं कित्येक वर्षं बोलणं चालू होतं. कधी पत्रं जायची, कधी तिकडची माणसं दिल्लीत यायची, कधी इकडची तिकडं जायची. शेवटी त्यांनी आयातकर कमी करायची तयारी दाखवली, पण एक अट घातली. फळमाशी त्यांच्या देशात शिरता कामा नये. ज्या बागांतून फळ येणार त्या बागांची नोंदणी हवी, प्रत्येक बागेत माशीचे सापळे हवेत, आणि हंगामभर दर आठवड्याला किती माश्या सापडल्या याची नोंद हवी. मग त्यांची तपासणी करणारी माणसं येणार, काही बागा पाहणार आणि दार उघडायचं की नाही ते ठरवणार. पाहायच्या बागांत आमच्याकडची एक होती.

गावातल्या देवळासमोर बैठक झाली, तेव्हा आण्णांनी तो नकाशा आणून खांबाला टांगला होता.

"आपलं डाळिंब तिकडं जायला दोन भिंती हायत. एक कराची. ती दिल्लीतली मानसं बोलून बोलून उतरवत्यात. दुसरी ह्या माशीची. ती उतरवायची माझ्यावानी मानसानं."

"म्हंजे दिल्ली आन् तुमी, दोघंच कामाला लागलाय म्हना," मागून एकजण म्हणाला. सगळे हसले.

"न्हाई गड्या, तिसरा तू हायस. बागंत पडल्यालं फळ तसंच ठिवू नगंस, येचून खोल पुरत जा."

"आण्णा, खरं सांगा, सरकार तुमाला माशा मारायला पगार देतंय व्हय?"

"मारत न्हाई रं. मोजतो. माझ्याकडं येत्यात तवा मेल्याल्याच असत्यात."

ते मोजणं पाहण्यासारखं होतं. सापळा म्हणजे बाजूंना भोकं पाडलेली प्लास्टिकची बरणी, आत औषधात भिजवलेला लाकडाचा तुकडा. वासानं माशी आत येते आणि मरून तळाला पडते. आण्णा जमिनीवर पांढरा पंचा अंथरायचे, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवायचे, बरणी उपडी करायचे आणि बाभळीच्या काट्यानं माश्या दोन-दोन करून एका बाजूला सारायचे. "जोडी... जोडी... जोडी... एकला." त्यांचे वडील संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात घेताना तोंडाशी उभे राहून अशीच मोजत. जोड्या मोजून झाल्या की आण्णा उलट्या बाजूनं पुन्हा मोजायचे. दोन्ही आकडे जुळले की वही उघडायची. तोवर चहा नाही, पाणी नाही.

बरणी रिकामी असली तरी हाच सोहळा. मी एकदा कंटाळून म्हणालो, "आण्णा, बाहेरूनच दिसतंय की आत काही नाही."

"दिसतंय ना? मग 'रिकामी दिसली' असं लिवतो. शून्य लिवायचा तर मोजून लिवाया पायजे."

"काय फरक पडतो?"

"माझा बा म्हनायचा, मेंढरू कमी हाय हे अंधार पडायच्या आदी जो सांगतो, त्यालाच ते गावतं. 'सगळी हायती' म्हनून झोपलं की सकाळी नुसती लोकर गावती."

मी हसलो. नव्या नोकरीत असताना मी स्वतः असले तक्ते झाडाखाली बसून भरले होते. आण्णांसारखी माणसं कार्यालयात एखाद-दुसरी असतात आणि इतरांना त्यांचं कौतुक व त्रास सारखाच असतो, एवढाच अर्थ मी तेव्हा लावला.

पाहणीच्या आठ दिवस आधी मला वरून फोन आला. "बाहेरची टीम येतेय, दिल्लीचे लोकही असतील. रेकॉर्ड चकाचक पाहिजे." बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. कदाचित वह्यांना कव्हरं घाला एवढंच असेल. अर्थ मी लावला.

आण्णांची वही मी मागवून घेतली. कडा मळलेल्या, एका पानावर चहाचा गोल डाग. एका पानावर चिकटपट्टीखाली चक्क एक माशी चिकटवलेली आणि शेजारी लिहिलेलं, 'ही वेगळी वाटते. प्रयोगशाळेत दाखवावी.' आकडे कुठं शून्य, कुठं एक, कुठं तीन, एका आठवड्यात पाच. परतीच्या पावसातल्या एका आठवड्यासमोर आकडाच नव्हता. 'ओढ्याला पाणी. पलीकडे जाता आले नाही. मोजणी नाही.'

मी आण्णांना बोलावलं. "हे जरा चांगल्या वहीत उतरवून काढा."

"उतरवतो की."

"आणि हे तीन, पाच..."

"ते बी उतरवतो."

"तसं नाही, आण्णा." मी आवाज खाली आणला. "एवढ्या वर्षांचं काम आहे. कितीतरी घरांचा माल आहे. आपल्या एका वहीपायी सगळं अडलं तर?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. रागावलेले नव्हते. एखाद्या झाडाचं पान पिवळं पडलेलं दिसावं तसे पाहत होते.

"सायब, माशी बागंत असती. वहीत न्हाई म्हनून बागंतनं जात न्हाई." एवढं म्हणून ते उठले. वही माझ्या टेबलावरच ठेवून गेले. माझ्यावर विश्वास होता म्हणून ठेवली, हे मला फार नंतर कळलं.

दोन दुपारी दार लावून मी ती वही नव्यानं लिहिली. हंगामातले सगळे आठवडे, सगळीकडं शून्य. आण्णांची सही म्हणजे शाळेत शिकवल्यासारखं पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. नक्कल करायला एवढी सोपी सही मी दुसरी पाहिली नाही. ज्याला कुणाची भीती नसते त्याची सही अशी असावी. पावसातल्या त्या आठवड्यासमोरही मी तारीख घालून शून्य लिहिलं. कोरी जागा बरी दिसत नव्हती.

पाहणीची ती बाग ज्या बाईंची होती त्यांना सगळे अव्वा म्हणत. नवरा लवकर गेलेला, घरात बोलणं कानडी, बाहेर मराठी. त्यांनी मेंढरं विकून झाडं लावली होती. पाहणीच्या दिवशी त्यांनी अंगणात सडा घातला होता आणि आण्णांना पहाटेपासून तीनदा विचारलं होतं, "येत्यात न्हवं रं ते?"

तिकडून आलेली अधिकारी एक उंच, उन्हानं रापलेली बाई होती. डोक्यावर कापडी टोपी. बरोबर दिल्लीचा एक तरुण दुभाष्या. आण्णांनी बांधावर घमेलं पुढं केलं तेव्हा मी डोळे मिटले. पण बाईंनी विचारलं हे काय, दुभाष्यानं सांगितलं, आणि त्या पहिल्यांदा हसल्या. दोन्ही बूट घोट्यापर्यंत बुडवले. त्यांनी सापळे पाहिले, झाडाखाली पडलेलं फळ शोधलं, ते मिळालं नाही. सगळं उत्तम चाललं होतं. मग त्यांनी वही मागितली आणि मी माझी वही पुढं केली.

त्या पानं उलटत राहिल्या. एका जागी बोट थांबलं. काही संशय असेल असं वाटलं नाही. अव्वा शेजारी उभ्या होत्या, त्यांना बोलतं करावं म्हणूनच असेल, त्यांनी विचारलं, हा माणूस पावसातसुद्धा येतो का?

अव्वांचा चेहरा फुलला. आपल्या माणसाचं कौतुक करायची संधी मिळाली होती.

"येतो की! लय पाऊस झाल्ता, वड्याला पानी, तवा बी आल्ता. पल्याड हुबा राहून वरडत हुता, 'अव्वा, बाग बरी हाय का?' वडा वलांडता येईना त्येला. म्या म्हनलं, 'मीच बरनी उघडून सांगती, तू ल्ही.' तर म्हनला, 'न्हाई अव्वा, मी बघितल्याबिगर लिवत न्हाई.' लय सांगितलं. इल्ला म्हंजे इल्ला! तसाच भिजत माघारी गेला बगा."

दुभाष्या हसत हसत सांगत होता. सांगता सांगता त्याचं हसू थांबलं, कारण बाईंनी पावसातल्या त्या आठवड्यावर बोट ठेवलं होतं. तिथं तारीख होती, शून्य होतं आणि सही होती.

त्यांनी वही आण्णांच्या हातात दिली.

आण्णांनी आधी आकडे पाहिले. पान उलटलं. पुन्हा पाहिलं. मग भिंग डोळ्याला लावून स्वतःची सही पाहिली, खूप वेळ पाहिली.

"ही वही माझी न्हाई," ते म्हणाले.

"आणि सही?" दुभाष्यानं विचारलं.

"सही माझ्यावानी हाय. माझी न्हाई."

"मग हे कुणी लिहिलंय?"

आण्णा वळले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं. मला पक्कं माहीत आहे की कळलं होतं.

"लिवताना मी बघितलं न्हाई," ते म्हणाले. "न बघितल्यालं कसं सांगू?"

तो क्षण माझा होता. 'मी लिहिली' हे दोन शब्द. मी झाडाला टांगलेल्या बरणीकडं बघत राहिलो.

बाईंनी वही मिटली. शांतपणे काही बोलल्या, ते दुभाष्यानं सांगितलं. माशी सापडली तर काय करायचं ते त्यांच्या नियमांत लिहिलेलं आहे. त्यासाठी बाग नाकारत नाहीत. पण नोंदीवर विश्वास ठेवता आला नाही तर पुढं काही करता येत नाही.

म्हणजे आण्णांची मळकी वही चालली असती. तीन, पाच, कोरी जागा आणि चिकटवलेल्या माशीसकट चालली असती.

दार उघडलं, पण दुसऱ्या भागांतल्या बागांसाठी. आमच्या गावातल्या बागा त्या हंगामात वगळल्या गेल्या. अव्वांची बाग एका व्यापाऱ्यानं नेहमीसारखी नजरअंदाजानं घेतली. आणि गावात बोललं गेलं की आण्णांनी घरी बसून वही भरली. "येवढं मोरचुदाचं पानी दाखवत हुता, आन् आतनं हे," असं त्याच देवळासमोर कुणीतरी म्हणालं. म्हणणारा तोच होता, ज्याला ते पडलेलं फळ पुरायला सांगत.

चौकशी लागली. आण्णांनी जबाब दिला की मी मोजलं ते लिवलं, ती वही साहेबांकडं दिली. मला विचारलं गेलं. मी लिहिलं, 'सापळ्यांची नोंदवही नियमानुसार संबंधित कृषी सहायकांच्या ताब्यात असते. सादर झालेल्या वहीतील स्वाक्षऱ्या त्यांच्या नावाच्या आहेत. अन्य कोणतीही वही प्राप्त झाल्याची नोंद दप्तरी नाही.' सगळं खरं होतं. जुनी वही माझ्या कराडच्या घरात कपाटात होती, आणि दप्तरी तिची नोंद खरोखरच नव्हती.

आण्णांनी मला एकदाच विचारलं होतं, "सायब, माझी जुनी वही तुमच्याकडं राह्यली."

"बघतो. सापडली की देतो," मी म्हणालो. त्यांनी परत कधी विचारलं नाही.

त्यांची बदली महाबळेश्वरकडं झाली. जन्मभर आभाळाकडं बघत राहिलेल्या माणसाला चार महिने न थांबणाऱ्या पावसात नेऊन टाकलं. माझी बढती साताऱ्यात झाली. निर्यातीवरच्या प्रशिक्षणांत मी व्याख्यानं द्यायला लागलो. सरकारनं अमुक देशाशी बोलणं पूर्ण केलं, तमुक देशानं कर उतरवला, आता तुमच्या हातात आहे, नोंदी खऱ्या ठेवा. शेतकरी माना डोलवायचे. 'नोंदी खऱ्या ठेवा' म्हणताना मी समोरच्या रांगेकडं कधी पाहिलं नाही. सहा वर्षं हे चाललं. बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग त्यांना सांगितलं का?" मी विषय बदलला.

गेल्या हिवाळ्यात कळलं की आण्णा काही महिन्यांत निवृत्त होणार आहेत, चौकशी अजून मिटलेली नाही, आणि खोट्या नोंदीचा शेरा घेऊनच ते बाहेर पडणार. मी जबाब लिहिला, जुनी वही पिशवीत घातली आणि पाठवण्याआधी त्यांना दाखवायला महाबळेश्वरला गेलो.

ते स्ट्रॉबेरीच्या रानात वाकून पानं उलटी करत होते. पानामागचे लाल कोळी मोजत होते. केस पांढरे झाले होते.

"या सायब," म्हणाले, जणू कालच भेटलो होतो. "जरा थांबा. येवढी वळ हुंद्या."

ओळ झाली. मी त्यांची वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली नाही, नुसता तळवा वर ठेवला. मग मी माझा जबाब दिला. तो मात्र त्यांनी शब्द न् शब्द वाचला.

"हितं लिवलंय, 'काही आकडे बदलले'. काही म्हंजे किती?"

"आण्णा, बरेच..."

"मोजा."

आम्ही दोघं बांधावर बसलो. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. माझ्या वहीची प्रत चौकशीच्या कागदांतून मी काढून आणली होती. नऊ जागी आकडा बदललेला निघाला, एका जागी कोऱ्या जागेवर शून्य. चोवीस सह्या. मी ते जबाबात लिहिलं. त्यांनी उलट्या बाजूनं पुन्हा मोजून पाहिलं.

"आण्णा, मला माफ करा," मी म्हणालो. सहा वर्षं हे वाक्य मी मनात घोळवलं होतं. त्यापुढंही बरंच होतं, ते आठवलंच नाही.

त्यांनी दोन्ही वह्या एकावर एक ठेवल्या.

"मला लय राग आल्ता, सायब," ते म्हणाले. "दोन वर्सं आल्ता. घरात बोलायचो न्हाई. मालकीन म्हनायची, एकदा त्या सायबाला जाऊन शिव्या तरी घालून या. मग राग कमी झाला. माझं मी बघितलं. पन बाग माझी न्हवती. वगळली अव्वाची आन् गावाची. त्यांच्याकडं गेला व्हता का?"

"नाही."

"मग हितं कशाला बसलाय?"

जबाब मी दुसऱ्या दिवशी दिला. आण्णांवरची चौकशी थांबली. माझ्यावरची चालू आहे, तिचं काय व्हायचं ते होईल. अव्वांच्या गावात नव्या हंगामासाठी बागांच्या नोंदणीची बैठक होती. तिथं आता दुसरे अधिकारी आहेत. त्यांना विचारून मी गेलो आणि सगळ्यांत शेवटी उभा राहिलो.

"आता काय आनलंय सायब? नवी योजना?" कुणीतरी विचारलं. अव्वा पुढं बसल्या होत्या, काठी टेकून. मला त्यांनी ओळखलं नसावं.

"काही आणलेलं नाही," मी म्हणालो. "त्या पाहणीच्या वर्षी जी वही दाखवली, ती आण्णांनी भरली नव्हती. ते दर आठवड्याला इथं आले, मोजून गेले, आणि खरं तेच लिहिलं. ते खरं लिहिलेलं मी लपवलं. खोटी वही मी माझ्या हातानं लिहिली आणि खाली त्यांची सही केली. तुमच्या बागा माशीमुळं गेल्या नाहीत, माझ्यामुळं गेल्या. तुम्ही त्यांना नावं ठेवलीत, ती माझी होती." मग मला अव्वांकडं वळावं लागलं. "अव्वा, तुम्ही त्या बाईंसमोर आण्णांचं कौतुक करत होता, तेव्हा मी मागंच उभा होतो. आण्णांना विचारलं, वही कुणी लिहिली, तेव्हाही उभाच होतो. माझ्याकडून चूक झाली असं म्हणणार नाही. मी केली, जाणूनबुजून केली. मला माफ करा."